किती वाढू?

वाचकहो, दिवाळी अंकात लेखकाने काहीतरी गोडधोड वाढायचे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. वर्षभर या सदरातून मी तुमच्यापुढे शब्दांच्या खोडी, विद्यार्थ्यांच्या तऱ्हा आणि डोंबिवली लोकलची गाऱ्हाणी मांडीत असतो. निदान दिवाळीला तरी या गृहस्थाने तोंड गोड करावे, ही संपादकांची अपेक्षा रास्तच म्हणायची. पण यंदा मी जे वाढणार आहे, त्याची सुरुवात गवारीच्या भाजीने होते. आणि तीही वाळून कोळ झालेल्या. तेव्हा पहिला घास कडू लागला तर पानावरून उठू नका, एवढीच विनंती.

आमच्या घरात माणसे चार. मी, माझी पत्नी, माझी आई आणि आमची सात वर्षांची कन्या मुक्ता. पत्नी बँकेत अधिकारी आहे. तिच्याकडे कर्जखाते आहे आणि ती रात्री साडेआठच्या आत घरी पोहोचली, तर आम्ही तो दिवस सणासारखा साजरा करतो. मी पडलो सकाळच्या सत्रातला प्राध्यापक. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता मुक्ताला जेवायला घालणे, हे काम लग्नाच्या वाटाघाटीत कुठेही ठरलेले नसताना माझ्याकडे आले. थोडक्यात, घरात माझ्याकडे एकच खाते. आणि कन्या काही खाते की नाही, एवढाच त्या खात्याचा हिशेब.

हे खाते मी किती सचोटीने सांभाळले म्हणून सांगू! मुक्ता दोन वर्षांची होती तेव्हा चिऊकाऊचे घास झाले. तीन वर्षांची झाली तेव्हा चिऊकाऊ मोबाइलमध्ये जाऊन बसले, आणि पडद्याकडे टक लावून बसलेल्या त्या उघड्या तोंडात मी वरणभाताचे घास सारीत राहिलो. चौथ्या वर्षी लाच सुरू झाली : भाजी संपवलीस तर चॉकलेट. पाचव्या वर्षी लाचेचा दर वाढला. सहाव्या वर्षी मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. मोबाइल बंद, चॉकलेट बंद. एकच नियम. मी वाढीन ते ताट स्वच्छ झाले पाहिजे. त्याशिवाय उठायचे नाही.

या नियमाला माझ्याकडे शास्त्राधार होता. ‘खाऊन माजावे, पण टाकून माजू नये’ ही म्हण मी वर्गात शिकवतो. आमच्या लहानपणी, १९८० च्या दशकात, आमच्या घरी पानात भाताचे शीत उरलेले चालत नसे. आमटीची वाटी पाणी घालून विसळून पिणारी माणसे मी पाहिली आहेत. तीच शिस्त मी माझ्या मुलीला लावीत होतो. यात माझे काय चुकले?

आणि नियम चाललाही. पहिले काही दिवस रडारड झाली. एकदा तर पावणेनऊपर्यंत ती गवारीच्या भाजीसमोर बसून होती आणि मी तिच्यासमोर. पण पंधरवड्याने चमत्कार झाला. मी हात धुऊन येईपर्यंत किंवा फोनवर दोन शब्द बोलेपर्यंत ताट लख्ख! मी इतका खूश झालो, की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की माझे प्रवचन सुरू होई. “हल्लीच्या आईबापांना मुलांना नाही म्हणता येत नाही. आमच्या मुक्ताच्या ताटात शीतही उरत नाही.” सहकारी मान डोलवीत. कुणाच्या मुलाला भाजी चालत नसे, कुणाच्या मुलीला भाजीवाचून दुसरे सगळे चालत असे. सगळे माझ्याकडे आदराने पाहत.

मग दिवाळीची साफसफाई आली.

आमच्या जेवणाच्या टेबलाला खेटून आईचे शिवणयंत्र आहे. पायाने चालवायचे, जुने. गेली कित्येक वर्षे ते बंदच आहे, पण आईच्या हाताखालून आमच्या दोन पिढ्यांचे कपडे त्यावर गेले असल्याने कुणी ते हलवीत नाही. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, फडके घेऊन मी तिथे वाकलो तर मुंग्यांची एक रांग यंत्राच्या डाव्या खणात शिरताना दिसली. खण घट्ट बसला होता. ओढला, तर आत पुड्या. चौकटीच्या वहीचे कागद फाडून केलेल्या, किराणा दुकानदाराने बांधाव्यात तशा नीट घड्या घातलेल्या. मी एक उघडली. आत वाळलेली गवार. दुसरीत पोळीचा तुकडा, कडक झालेला. तिसरीत पुन्हा गवार. मोजल्या तर सतरा भरल्या.

मुक्ता मागे येऊन उभी होती, हे मला उशिरा कळले. मी वळलो तेव्हा माझा चेहरा कसा होता, ते मला ठाऊक नाही. तिचा मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. मी तोंड उघडायच्या आतच तिने माझ्या हातातल्या पुडीकडे हात पुढे केला आणि म्हणाली, “रागवू नका ना बाबा. मी खाते. आत्ता खाते सगळं.”

वाचकहो, वीस वर्षे मी मुलांना करुणरस शिकवतो आहे. त्याची व्याख्या मला त्या क्षणी आठवली नाही. महिन्याभरापूर्वीची बुरशी धरलेली गवार खायला माझी मुलगी तयार होती, कारण माझ्या रागापेक्षा तिला ती बरी वाटत होती. मी पुड्या उचलल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि तिला जवळ घेतले. ती बराच वेळ ताठच उभी होती.

त्या रात्री मुक्ता झोपल्यावर पत्नी काही बोलली नाही. बोलली ती आई. माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ती सहसा सांगत नाही; त्या रात्री मात्र सांगू लागली.

“बहात्तर साली मी सतरा वर्षांची होते. घरात जेवणारी आठ तोंडं. रेशनवर ती लाल मिलो मिळायची, परदेशातून आलेली. भाकरी थापताना तडकायची आणि खाताना घशात बसायची. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची म्हणून पोरंसुद्धा मागं जायची. आमची आई भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवायची. ‘पानात टाकू नका’ असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही रे. टाकायला होतं काय?”

मी म्हणालो, “पण तू आम्हाला सांगायचीस की.”

“सांगायची. उद्या नसलं तर काय, ही भीती माझ्या मनातून कधी गेलीच नाही. पण तुला सांगायच्या आधी मी विचारायची. ‘किती वाढू?’ तू म्हणायचास ‘एवढीशीच’, तर एवढीशीच घालायची. मग ती टाकायची नाही. तू विचारतोस का तिला? तू वाढतोस आपल्या अंदाजानं, आणि तिनं ते संपवायचं तिच्या पोटानं!”

आई एवढे बोलून झोपायला गेली. मी बराच वेळ त्या रिकाम्या खणाकडे पाहत बसलो होतो. म्हण मी अर्धीच पाळली होती. लागेल तेवढेच वाढून घ्यावे, हा तिचा न बोललेला पहिला भाग मी गाळला होता. आणि टाकू नये, हा उरलेला भाग तेवढा छडीसारखा वापरला होता. शिवाय हिशेबाच्याच भाषेत बोलायचे, तर माझ्या नियमामुळे अन्न वाचले का? सतरा पुड्या वाया गेल्या, त्या नियम असतानाच.

दुसऱ्या आठवड्यात मी मुक्ताला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. मनात धाकधूक होती. बाईंनी वजन-उंची घेतली आणि तक्त्यावर एक ठिपका दिला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली नवे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, तोच हा तक्ता. त्यात वाकड्या रेषा असतात. मूल कुठल्या रेषेवर आहे यापेक्षा ते वर्षानुवर्षे आपल्या रेषेला धरून चालले आहे की नाही, हे महत्त्वाचे. मुक्ता आपल्या रेषेवर अगदी शहाण्यासारखी चालली होती.

“मग ही खात का नाही?” मी विचारले.

बाई हसल्या. म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मूल तीन किलोचं साधारण नऊ किलोचं होतं. दुसऱ्या वर्षी जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, आणि पुढं वयात येईपर्यंत वर्षाला दोन-तीन किलो. वाढ मंदावते तशी भूकही कमी होते. आईबापांच्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्या वर्षाचं खाणं असतं. बरं, दुपारपासून ही काय काय घेते ते सांगा.”

मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. शाळेतून आल्यावर चॉकलेटची पूड घातलेले मोठा पेलाभर दूध. पाचला बिस्किटे. खाली खेळायला गेली की कोपऱ्यावरच्या दुकानातले पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट. साडेसहाला पुन्हा दूध, कारण ‘दूध तरी पोटात जाऊ दे’. आणि सात वाजता मी गवार घेऊन हजर!

“तुम्ही हिला भूक लागूच देत नाही,” बाई म्हणाल्या. “दूध चांगलं, पण दिवसाला दोन कप पुष्कळ झालं. दुधानंच पोट भरलं तर बाकीचं अन्न जात नाही आणि मग लोह कमी पडतं.”

मराठीत भूक लागते, खवळते, मरते, तशी ती मोडतेही. ‘भूक मोडणे’ हा वाक्प्रचार आपल्या आज्यांनी उगाच नाही घडवला. अवेळी काहीबाही तोंडात टाकले की भूक मोडते, आणि मोडलेल्या भुकेपुढे पंचपक्वान्न ठेवले तरी ते गवारीसारखेच दिसते.

मास्तर माणसाला ठेच लागली की तो पुस्तकांकडे धावतो. मीही धावलो, आणि तिथे एक मोठी सुरस हकिकत सापडली. १९२६ साली अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी नुकतीच अंगावरून तोडलेली काही बाळे घेऊन एक प्रयोग मांडला. पुढे त्यात पंधरा मुले सामील झाली. सगळे मिळून ३४ पदार्थ ठरवले होते : धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस, मासे, सगळे साधे, कशात साखर नाही की मसाला नाही. त्यांतले काही दर जेवणाला बाळापुढे मांडायचे आणि परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचे. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच त्यातला घास द्यायचा. ‘हे खा’ नाही, ‘ते नको’ नाही, शाबासकी नाही, डोळे वटारणे नाही. एकेका जेवणाला बाळांनी विचित्र मेळ घातले; पण महिन्यांचा हिशेब केला तर प्रत्येकाने पुरेसे आणि चौरस खाल्ले होते. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर हाडे बरी होईपर्यंत आपणहून कॉडलिव्हर तेल घेतले आणि मग सोडून दिले!

हे वाचून कुणी म्हणेल, की मग सोडा मुलांना मोकळे, खाऊ द्या वाटेल ते. पण या प्रयोगातली खरी मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच १९३९ साली सांगितली आहे. मेख पदार्थांच्या यादीत होती. मुले निवडत होती खरी, पण काय मांडायचे ते मोठ्यांनी ठरवले होते. त्या टेबलावर वेफर्स आणि सरबताच्या बाटल्या असत्या तर निकाल वेगळा लागता.

हेच सूत्र पुढे एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात साध्या वाटणीत बसवले. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे, हे आईबापांनी ठरवावे. त्यातले किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये. मी वाचता वाचता थांबलो. आमच्या घरी कारभार नेमका उलटा चालला होता. काय आणि केव्हा, हे मुक्ता ठरवीत होती : वेफर्स, साडेपाच वाजता. आणि किती, ते मी ठरवीत होतो!

लाचेचीही वासलात लागली. लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ साली दाखवून दिले, की अमुक पेय प्यायलास तर बक्षीस, असे सांगितले की मुले ते पेय पितात, पण पुढे त्यांना ते पूर्वीपेक्षा कमी आवडू लागते. विचार केला तर यात नवल काय? ‘भाजी खा म्हणजे लाडू देईन’ या वाक्याचा मुलाच्या मनात अन्वय लागतो तो असा : भाजी ही शिक्षा आणि लाडू ही सुटका. याच बाईंनी त्याआधी, १९८२ साली, दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग करून पाहिले, की नवा पदार्थ मूल जितक्या वेळा चाखते तितका तो त्याला अधिक आवडू लागतो. दोनचार वेळा नव्हे, दहा, पंधरा, वीस वेळा. आणि आपण? दोनदा तोंड वाकडे केले की जाहीर करतो, ‘आमचा बंड्या भोपळा खात नाही.’ बंड्याही मग इमानेइतबारे ती बिरुदावली सांभाळतो.

या सगळ्यातून आम्ही घरात काय बदलले, ते सांगतो. फार मोठे काही नाही.

संध्याकाळचे खाणे साडेचारला, बसून. त्यानंतर सातपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. वेफर्सवर बंदी घातली नाही. घरात आणायचे थांबवले. सात वाजता पातेली टेबलावर येतात आणि मुक्ता आपल्या हाताने वाढून घेते. वरण सांडते, पुसतो. टेबलावर तिला नक्की आवडणारा एक तरी पदार्थ असतो, बहुधा वरणभातच. पण तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक होत नाही. जे आहे ते चौघांना. दूरदर्शनसंच बंद, आणि माझाही मोबाइल बंद, ही अट तिने घातली.

नको असलेल्या भाजीचे काय करायचे, याचे उत्तर मला आपल्या ताटातच सापडले. आपल्या पानाची उजवी बाजू पोट भरण्याची आणि डावी चव घेण्याची. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. डावीकडे सगळे बोटभर. लोणच्याची फोड उरली म्हणून कुणी कुणाला पानावर अडवून ठेवीत नाही. आमच्याकडे आता नवी किंवा नावडती भाजी डावीकडे वाढतात, लोणच्याएवढी. चाखलीस तर चाखलीस. नाही तर राहू दे.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले, हे कबूल केले पाहिजे. तिला नव्हेत, मला! तीन आठवडे मुक्ताने वरणभात, तूप आणि पोळीपलीकडे कशाला हात लावला नाही. ‘एक घास तरी’ हे शब्द माझ्या ओठांवर येत आणि आई समोरून नुसती बघे. माझी मुलगी उपाशी राहील, ही भीती घेऊन मी किती रात्री उठलो असेन! पण ती उपाशी राहिली नाही. एके दिवशी मी मटार सोलत बसलो होतो तेव्हा ती शेजारी येऊन बसली. पाच शेंगा पातेल्यात, सहावीतले दाणे तोंडात. मग कोथिंबीर निवडू लागली. मग मंडईत येऊ लागली आणि भोपळ्याची फोड किती मोठी घ्यायची, यावर भाजीवाल्या मावशींशी बोलू लागली. स्वतः निवडलेला तो लाल भोपळा डावीकडे बसून बसून जानेवारीत एकदाचा उजवीकडे आला. गवार अजून डावीकडेच आहे. कारले तर दाराबाहेरच आहे म्हणा ना. पण कारले मलाही आवडत नाही, हे ती ओळखून आहे.

पातेल्यात उरलेले वाया जात नाही. उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, भाताला फोडणी मिळते, आमटी थालीपिठात जाते. पानात टाकलेले उष्टे, आणि पातेल्यात राहिलेले शिळे. हा भेद आपल्या स्वयंपाकघरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मुलाने आधी थोडे घ्यावे, लागले तर पुन्हा मागावे. टाकून न माजण्याची ही खरी रीत.

सगळ्यात अवघड गेले ते जीभ आवरणे. मुलांच्या खाण्याविषयी आपण किती सहज बोलतो! ‘लुकडी आहे, वाऱ्याने उडेल.’ ‘काय हावरट आहे, तिसरा लाडू!’ ‘चांगल्या मुली ताट संपवतात.’ मी तर माझ्या चाचणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसल्यापासून तुपाला ‘विष’ म्हणू लागलो होतो, तेही मुक्ता भातावर तूप घेत असताना. मुले हे सगळे ऐकतात आणि मनात साठवतात. त्यांच्या पोटाचा आवाज त्यात बुडून जातो. पोट भरले की थांबायचे, हे तान्ह्या बाळाला शिकवावे लागत नाही. स्तनपान करताना ते स्वतःच मान फिरवते. आपण त्याला ताट बघून थांबायला शिकवतो, आणि पुढे तिशीत तो गृहस्थ आपल्याला भूक लागली आहे की नाही, हे घड्याळाला विचारू लागतो.

अर्थात, प्रत्येक न खाणे निरुपद्रवी असते असे मी म्हणणार नाही. मुलाचे वजन घटत असेल किंवा वाढीची रेषा खाली वळत असेल, ते फिके, थकलेले दिसत असेल, घास गिळताना अडकत असेल, किंवा दोनचार पदार्थांपलीकडे वर्षानुवर्षे काहीच चालत नसेल, तर पुस्तके मिटून डॉक्टरांकडे जावे. बाकीच्या आपण सर्वांनी आधी मुलाच्या दुपारच्या खाण्याची यादी करावी आणि ती मोठ्याने वाचावी. माझ्यासारखाच तुमचाही आवाज खाली जाईल.

आता तुमच्या घरात फराळाचे डबे भरले असतील. त्यांना कुलूप लावू नका आणि ‘भाजी संपव, मग लाडू’ हा जुना सौदाही मांडू नका. आम्ही गेल्या दिवाळीत जेवणाच्या पानातच, वरणभाताशेजारी, एकेक लाडू वाढला. मुक्ताने पहिल्या दिवशी तो आधी खाल्ला. दुसऱ्या दिवशीही आधी खाल्ला. भाऊबीजेला ती वरणभात जेवत असताना लाडू पानात तसाच होता, आणि शेवटी अर्धाच खाऊन तिने उरलेला डब्यात ठेवला. डब्यात, शिवणयंत्राच्या खणात नव्हे! एवढ्यावर माझी दिवाळी साजरी झाली.

यंदाही सफाई झाली. खण मीच उघडला. छातीत थोडे धडधडलेच. आत दोन रिळे होती, एक गुंडी आणि मुक्ताची हरवलेली केसांची पिन.

त्याच संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पत्नी त्या दिवशी वेळेवर आली होती. आई नेहमीप्रमाणे सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसली. तिची ती सवय आहे. आयुष्यभर तिने आम्हा सगळ्यांना ‘किती वाढू?’ विचारले आणि स्वतः पातेल्याच्या तळाशी जे राहील ते जेवली. मी हे सेहेचाळीस वर्षे पाहत आलो आहे. त्यात पाहण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटले नाही. मुक्ताने भाताची वाढणी उचलली. खुर्चीवर गुडघे टेकून ती आजीच्या पानावर वाकली आणि म्हणाली, “आजी, तुला किती वाढू?”

आई क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, “अर्धी वाढणी घाल, बाळा. आणि वरण मात्र पातळ नको, वरचं घट्ट घाल.”

आईला घट्ट वरण आवडते, हे मला त्या दिवशी कळले.

वाचकहो, तुमच्या पानातही यंदा लागेल तेवढे सुख पडो, आणि वाढणारा हात तुम्हाला आधी विचारणारा असो. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!